हिरव्या बनातीचें मेज

मुंबईच्या चोर बाजारांत जुन्या लांकडी सामानाच्या दुकानांपुढून जाणाऱ्या गृहस्थाची नजर कधीं कधीं एका चमत्कारिक मेजावर खिळते. बंद असतां तें मेज अर्धवर्तुळाकार, भिंतीला लावून ठेवण्याजोगें व अगदीं साधें दिसतें. दुकानदार त्याचा मागचा पाय दाराप्रमाणें बाहेर ओढतो, वरचें फळकूट उलटून त्या पायावर टेकवितो, आणि पाहतां पाहतां चौघांना भोंवतीं बसतां येईल असें वाटोळें मेज तयार होतें. आंतल्या बाजूस हिरवीगार बनात लावलेली असते. "घ्या साहेब, अस्सल विलायती माल आहे. दोनशें वर्षांचा. बनातसुद्धां मूळची," असें दुकानदार सांगतो. गृहस्थ बनातीवरून हात फिरवितो, रंग मनांत भरतो, आणि पुष्कळदां सौदा तेथेंच ठरतो.

वास्तविक दुकानदाराच्या बोलण्यांत दोन विधानें आहेत आणि तीं एकमेकांविरुद्ध साक्ष देतात. दोनशें वर्षें वापरांत असलेल्या मेजावरची लोंकरी बनात अशी ताजी राहत नाहीं. ती उन्हानें विटते, पत्ते टाकणाऱ्या हातांनीं झिजते, मेणबत्तीच्या डागांनीं खराब होते, आणि शेवटीं कसर तिचा फडशा पाडते. म्हणून ती ताजी बनात मूळची असेल तर मेज जुनें नव्हे, आणि मेज जुनें असेल तर बनात मूळची नव्हे. तर्क सोपा आहे. पण ऐन वेळीं तो सुचावा यासाठीं तें मेज कोठून आलें, कशासाठीं झालें, आणि त्याच्याभोंवतीं काय काय घडलें हें ठाऊक असावें लागतें.

आपल्याकडे खेळासाठीं मेजाची गरज कधीं भासलीच नाहीं. वेरूळच्या लेण्यांत शिवपार्वतींची अक्षक्रीडा कोरलेली आहे. तेथें दोघेंही खालींच बसलेलीं आहेत. सारीपाट हा तर मुळांत कापडाचाच पट. तो सतरंजीवर पसरावा, सोंगट्या मांडाव्या, आणि डाव संपला कीं गुंडाळून फडताळांत ठेवावा. गंजिफांचेंही तसेंच. बाबरानें इ. स. १५२७ मध्यें सिंधच्या शहा हसनाकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रांत आहे. महाराष्ट्रांत या खेळाचा दशावतारी प्रकार रुजला. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगांत राजा, प्रधान व एक ते दहा अशीं बारा पानें, मिळून १२० वाटोळीं पानें. सावंतवाडीचे चितारी तीं रंगवून त्यांवर लाखेची झिलई देत. खेळणारे बैठकीवर बसत आणि पानें पुढच्या पसरलेल्या कापडावर पडत. सारांश, आपल्याकडे कापड होतें, मेज नव्हतें. युरोपांत मेज होतें. त्यावर कापड यावयाचें होतें.

युरोपांत पत्ते चौदाव्या शतकांत पोंचले. इंग्लंडांत इ. स. १४६३ मध्यें पार्लमेंटनें परदेशी पत्ते आणण्यास बंदी केली. यावरून पत्ते बनविणाऱ्या देशी कारागिरांचा धंदा संरक्षण मागण्याइतका वाढला होता हें उघड आहे. तरीही पुढें दोन शतकें पत्त्यांसाठीं असें वेगळें मेज सहसा नसे. असेल त्या मेजावर गालिचा अंथरीत आणि त्यावर डाव मांडीत. सतराव्या शतकाच्या अखेरीस श्रीमंतांच्या घरीं पत्त्यांचें घडीचें मेज दिसूं लागलें. त्या काळीं दिवाणखान्यांतील सामान भिंतीलगत मांडून ठेवण्याची रीत होती. काम पडेल तेव्हां नोकर तें मध्यभागीं आणीत. घडीच्या मेजाचा जन्म या रीतींतून झाला. राणी ॲन (१७०२ ते १७१४) व पहिला जॉर्ज (१७१४ ते १७२७) यांच्या कारकीर्दींतील चांगलीं मेजें अक्रोडाच्या लांकडाचीं असत. त्यांचे कोपरे गोल व पुढें आलेले असत. तेथें मेणबत्ती ठेवावयाची. प्रत्येक खेळणाऱ्यापुढें लांकडांत बशीसारखी खोलगट जागा कोरलेली असे. तींत नाणीं किंवा हाडाच्या व शिंपल्याच्या टिकल्या ठेवावयाच्या. मधला सर्व भाग बनातीचा.

या बनातीची हकीकतही ऐकण्यासारखी आहे. सोळाव्या शतकांत स्पेनच्या सत्तेखालीं चाललेल्या धर्मच्छळाला कंटाळून फ्लँडर्समधील प्रॉटेस्टंट विणकर समुद्र ओलांडून इंग्लंडांत आले. त्यांतील बरेच कोल्चेस्टर गांवीं स्थायिक झाले. अंगावर केंस राखलेलें लोंकरीचें नवें कापड त्यांनीं त्या देशाला दिलें. इंग्रज त्याला बेझ म्हणूं लागले. पुढें ग्लॉस्टरशायरमधील स्ट्राउडच्या गिरण्या व बेल्जममधील व्हर्व्हिए गांवचे कारखाने खेळाच्या मेजांच्या कापडासाठीं प्रसिद्धीस आले. मराठी माणसाला असलें विलायती लोंकरी कापड बनात या नांवानें पूर्वींपासून माहीत आहे. ईस्ट इंडिया कंपनी तें गलबतांतून आणी. उष्ण देशांत अंगावर घालण्यास त्याचा उपयोग थोडा; परंतु पालखीचे पडदे, हत्तीच्या झुली, खोगिरें व मानाच्या भेटी यांसाठीं त्याला मागणी असे.

पुष्कळ लोक मेजावरच्या या कापडाला फेल्ट म्हणतात. फेल्ट म्हणजे नमदा, आणि नमदा विणलेला नसतो. लोंकर ओली करून, मळून व दाबून तो तयार करतात. बनात मागावर विणतात, पाण्यांत कुटून दाट करतात, आणि वर आलेले केंस कातरून सारखे करतात. कांठाशीं भिंग धरलें असतां उभे-आडवे धागे दिसले तर ती बनात. धागे नसून नुसता लोंकरीचा गुंता दिसला तर तो नमदा. ही बारकाई निरुपयोगी नाहीं. नवें कापड लावतांना स्वस्त नमदा चिकटविला कीं थोड्याच दिवसांत त्याला गोळे येतात, तो ताणला जातो, आणि मेजाची कळा जाते.

खेळाला कापड कशासाठीं हवें, हें एकदां उघड्या लांकडावर डाव मांडून पाहिलें कीं कळतें. पत्ता गुळगुळीत लांकडावर घसरत जातो, आणि सपाट पडला कीं नखानेंही उचलतां येत नाहीं. नाण्यांचा खणखणाट होतो. बनातीवर पत्ता टाकला तेथें राहतो, बोटाला सहज लागतो, आणि नाणें आवाज करीत नाहीं. रंग हिरवाच कां, याचें उत्तर बिलियर्डच्या इतिहासांत शोधतात. तो खेळ पूर्वीं बाहेर हिरवळीवर चाले. तो घरांतील मेजावर आला तेव्हां हिरवळही कापडाच्या रूपानें बरोबर आली.

अठराव्या शतकांत मेजाचें लांकूड बदललें. इ. स. १७२१ मध्यें पार्लमेंटनें अमेरिकेंतील ब्रिटिश वसाहतींतून येणाऱ्या लांकडावरील जकात उठविली. त्यामुळें जमेका बेटांतील व नंतर होंडुरासच्या आखाताकांठची महोगनी लंडनच्या धक्क्यावर मुबलक येऊं लागली. हें लांकूड घट्ट, लालसर, किडीला दाद न देणारें आणि रुंद फळ्यांचें. एकाच फळीचें सबंध फळकूट निघे. सुतारांना तें वरदानच वाटलें. परंतु त्या जंगलांत झाडें तोडणारे आणि ओंडके नदीपर्यंत ओढणारे हात आफ्रिकेंतून पकडून आणलेल्या गुलामांचे होते. गुलामांचा व्यापार ब्रिटिश कायद्यानें १८०७ मध्यें बंद झाला, आणि वसाहतींतील गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३४ मध्यें अंमलांत आला. महोगनीचें मेज जितकें जुनें व जितकें खरें, तितका त्या श्रमांशीं त्याचा संबंध निश्चित. जुन्या वस्तूची किंमत वयावरून ठरविणाऱ्यानें त्या वयाचा हाही अर्थ लक्षांत ठेवावा.

इ. स. १७४२ मध्यें एडमंड हॉइल यानें व्हिस्ट या खेळावर छोटें पुस्तक काढलें. व्हिस्ट चौघांचा खेळ. दोघे विरुद्ध दोघे. घरोघर तो रुजला आणि चौघांचें मेज ही सभ्य घराची गरज होऊन बसली. सुतारांनींही आपलीं पुस्तकें काढलीं. टॉमस चिपेंडेल याचें नमुन्यांचें पुस्तक १७५४ मध्यें निघालें, हेपलव्हाइट याचें त्याच्या मृत्यूनंतर १७८८ मध्यें, आणि शेरेटन याचें १७९१ पासून भागाभागांनीं. हीं पुस्तकें विकत मिळत, आणि त्यांवरून कोणत्याही गांवचा कुशल सुतार मेज करूं शके. म्हणून बाजारांत एखाद्या मेजाला चिपेंडेल म्हणतात तेव्हां त्याचा अर्थ त्या धर्तीचें मेज एवढाच घ्यावा. तें चिपेंडेलच्या दुकानांत झालें असें त्यावरून सिद्ध होत नाहीं.

घडी उघडण्याच्या तऱ्हाही काळाबरोबर बदलल्या. आरंभीं एक पाय बिजागरीवर फिरून मागें जाई. तो बाहेर काढला असतां कधीं कधीं आंत एक लहानसा गुप्त खण सांपडे. दुसरी तऱ्हा पेटीच्या भात्यासारखी: मागचे दोन्ही पाय चौकटीसह बाहेर सरकत व चारी कोपऱ्यांना सारखा आधार मिळे. हें काम महाग, म्हणून मोठ्या घरचें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं मध्यें एकच खांब असलेलीं मेजें निघालीं; त्यांचें फळकूट पाव फेरा फिरवून मग उघडावयाचें. फ्रान्समध्यें एकाच मेजांत तीन खेळांची सोय करीत. मधली फळी एका बाजूनें बनातीची, उलटली कीं बुद्धिबळाचा पट, आणि ती काढून घेतली कीं खालीं फांशांच्या खेळाची पेटी. पुढें व्हिस्टमधून ब्रिज निघाला. इ. स. १९२५ मध्यें हॅरोल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन गृहस्थानें पनामा कालव्याच्या सफरींत काँट्रॅक्ट ब्रिजचे नवे गुण ठरविले, आणि चारी पाय पोटाशीं दुमडणारें हलकें चौकोनी मेज मध्यमवर्गाच्या घरांत आलें. आज जुन्या बाजारांत सर्वांत अधिक आढळणारीं मेजें हींच, आणि त्यांना दोनशें वर्षांचीं म्हणणें ही शुद्ध फसवणूक आहे.

या हिरव्या पृष्ठभागावर केवळ करमणूक झाली असें नाहीं. राज्यकर्त्यांना पत्त्यांतून उत्पन्न हवें होतें, इ. स. १७११ मध्यें राणी ॲनच्या सरकारनें पत्त्यांच्या प्रत्येक जोडावर सहा पेन्स कर बसविला. पुढें कर भरल्याची खूण इस्पिकच्या एक्क्यावर येऊं लागली, आणि म्हणूनच तो एक्का अजून इतका नक्षीदार असतो. ब्रिटनमधील तो कर १९६० मध्यें उठला. दुसरीकडे जुगारानें घरें बुडूं लागलीं म्हणून १७३९ मध्यें फॅरो, बॅसेट, हॅझर्ड वगैरे खेळांना कायद्यानें मनाई केली. मनाई कागदावर राहिली. चार्ल्स जेम्स फॉक्स हा पार्लमेंटमधील अव्वल वक्ता. पंचविशी गांठण्यापूर्वींच त्यानें केलेलें सुमारें १ लक्ष ४० हजार पौंडांचें कर्ज त्याच्या बापाला फेडावें लागलें. डेव्हनशरची डचेस जॉर्जियाना ही त्या काळच्या लंडनची शोभा. तिनें पत्त्यांत झालेलें देणें नवऱ्यापासून वर्षानुवर्षें लपविलें, आणि १८०६ मध्यें ती वारली तेव्हां देणें शिल्लकच होतें. शेवटीं १८४५ मध्यें पैजेचें देणें कोर्टांत वसूल होणार नाहीं असा कायदा झाला.

हें वाचून आपल्या वाचकाला नवल वाटूं नये. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील एका सूक्तांत जुगाऱ्याचा पश्चात्ताप आहे, आणि धर्मराजाची सभा तर प्रत्येक घराला ठाऊक आहे. कौटिल्यानें द्यूतासाठीं अध्यक्ष नेमण्यास सांगितलें, खेळ एके ठिकाणींच चालवावा असा दंडक घातला, आणि जिंकणाऱ्याकडून शेंकडा पांच घ्यावे असें ठरविलें. मुंबई इलाख्यांत जुगारास आळा घालणारा कायदा १८८७ मध्यें झाला. मनुष्याला खेळ हवा असतो आणि खेळाला पणाची चटक लागते, हें पटावरही खरें आणि बनातीवरही खरें. तथापि त्याच मेजाभोंवतीं असंख्य घरांत म्हातारीं-तरणीं माणसें लांबलचक संध्याकाळीं एकत्र बसलीं, हेंही विसरूं नये. मेज स्वतः चांगलेंही नसतें आणि वाईटही नसतें.

आतां या कुळांतील थोरल्या भावाकडे, म्हणजे बिलियर्डच्या मेजाकडे वळावें. फ्रान्सचा अकरावा लुई याच्या पदरीं पंधराव्या शतकांतच असें मेज होतें. स्कॉटलंडची राणी मेरी बंदिवासांत असतां आपलें बिलियर्डचें मेज काढून नेल्याबद्दल तिनें तक्रार केली, आणि १५८७ मध्यें तिचा वध झाल्यावर त्याच मेजाच्या कापडांत तिचा देह गुंडाळला अशी कथा सांगतात. आरंभीं या मेजाचें अंग लांकडी असे. तें हवेबरोबर वांकडें होई. लंडनच्या जॉन थर्स्टन यानें इ. स. १८२० नंतरच्या दहा वर्षांत त्याजागीं दगड बसविला. हा दगड म्हणजे स्लेट. शाळेंतील मुलांच्या पाटीचा तोच दगड. तो वांकत नाहीं, सुजत नाहीं आणि गुळगुळीत तासतां येतो. कडांना त्यानें १८३५ मध्यें रबर लावलें. पण थंडींत तें दगडासारखें कठीण होई. गंधक घालून उष्णतेनें पक्कें केलेलें रबर १८४५ मध्यें आलें आणि ती अडचण मिटली. तत्पूर्वीं १८०७ च्या सुमारास मिंगो नांवाच्या फ्रेंच कप्तानानें तुरुंगांत असतां काठीच्या टोंकाला चामडें लावण्याची युक्ति काढली होती. तिच्यामुळें चेंडूला हवी तशी फिरकी देतां येऊं लागली.

चेंडू मात्र हस्तिदंताचे होते, आणि त्यांसाठीं हत्ती मरत होते. हस्तिदंत दुर्मिळ व महाग झाला, तेव्हां न्यूयॉर्कमधील एका पेढीनें १८६३ मध्यें त्याला पर्याय शोधणाऱ्यास १० हजार डॉलरांचें बक्षीस जाहीर केलें. जॉन वेस्ली हायट हा त्या शोधास लागला आणि १८७० च्या सुमारास त्यानें सेल्युलॉइड सिद्ध केलें. आजच्या प्लास्टिकच्या धंद्याचा एक मूळ झरा असा या हिरव्या मेजावरून निघालेला आहे.

हिंदुस्थानानें या मेजाला स्वतःची देणगी दिली आहे. इ. स. १८७५ च्या पावसाळ्यांत जबलपूरच्या छावणींत इंग्रज अधिकारी बिलियर्डच्या मेजाभोंवतीं वेळ काढीत होते. जबलपूर त्या वेळीं मध्यप्रांतांत होतें, आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर. नेव्हिल चेंबरलेन या एकोणीस वर्षांच्या अधिकाऱ्यानें चालू खेळांतील चेंडूंमध्यें आणखी रंगीत चेंडू घालून नवा डाव रचला. वुलिचच्या सैनिकी विद्यालयांतील पहिल्या वर्षाच्या नवशिक्यांना स्नूकर म्हणत. सोपा चेंडू चुकलेल्या एका सोबत्याला त्यानें तेंच विशेषण लावलें आणि खेळाला नांव मिळालें. पुढें हाच अधिकारी उटकमंडला गेला. तेथील क्लबांत १८८२ मध्यें खेळाचे नियम लिहून भिंतीवर लावण्यांत आले. इंग्लंडचा नामांकित खेळाडू जॉन रॉबर्ट्स त्याला १८८५ मध्यें कलकत्त्यास भेटला आणि खेळ विलायतेस पोंचला. जनकत्वाबद्दल वाद निघाले तेव्हां चेंबरलेननें १९३८ मध्यें एका इंग्रजी नियतकालिकास पत्र लिहून हकीकत सांगितली. त्याच काळीं इंग्लंडचा पंतप्रधान असलेला नेव्हिल चेंबरलेन हा निराळा.

या कथेचा उत्तरार्ध पुण्याचा आहे. विल्सन जोन्स यांचा जन्म १९२२ मध्यें पुण्यास झाला. १९५८ मध्यें कलकत्त्यास झालेल्या हौशी बिलियर्डच्या जागतिक स्पर्धेंत ते विजयी झाले, आणि कोणत्याही खेळांत जगज्जेतेपद मिळविणारे पहिले भारतीय ठरले. १९६४ मध्यें न्यूझीलंडमध्यें त्यांनीं तें पुन्हां मिळविलें, आणि १९६५ मध्यें सरकारनें त्यांना पद्मश्री दिली. ज्या मेजाभोंवतीं एके काळीं गोऱ्या अधिकाऱ्यांनींच बसावें, त्यावर पुण्यांत जन्मलेल्या मनुष्यानें केवळ हाताच्या व डोळ्याच्या जोरावर जग जिंकलें. पणाची चटक सुटली कीं खेळाला अशी योग्यता येते.

आतां चोर बाजारांतील त्या गृहस्थाकडे परत यावें. त्यानें बनातीकडे पाहणें सोडून मेज उलटें करण्यास सांगावें. वरची बाजू दर पिढीनें नवी केलेली असते. खालच्या बाजूस कोणी पॉलिश करीत नाहीं, म्हणून तेथें सत्य टिकतें. खालचें लांकूड कोरडें, विटलेलें व असमान रंगाचें असावें. सर्वत्र एकसारखा गडद रंग दिसला तर तो मुद्दाम फासला आहे असें समजावें. करवतीच्या खुणा सरळ असतील तर काम हाताचें. कमानीसारख्या असतील तर चक्राकार करवतीचें, म्हणजे बहुधा एकोणिसाव्या शतकांतील किंवा नंतरचें. अणकुचीदार टोंकाचे स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर प्रचारांत आले. त्यापूर्वींच्या स्क्रूचें टोंक बोथट व डोक्यावरची खांच बहुधा किंचित् बाजूला असे. वाटोळें फळकूट दोन दिशांनीं मोजावें. लांकूड रेषांच्या आडवें आकसतें, म्हणून खरोखर जुनें वर्तुळ किंचित् लांबट झालेलें असतें; अगदीं बिनचूक वर्तुळ हें तारुण्याचें लक्षण.

बिजागऱ्यांभोंवतीं जुन्या भोंकांचे बुजविलेले डाग असतील तर त्या बदललेल्या आहेत. तो मोठा दोष नव्हे, पण किंमत कमी करण्यास तें कारण आहे. फळकुटाच्या खालच्या पाठीवर पायाच्या फिरण्यानें पडलेली कमान पाहावी. कमान एका जागीं व पाय दुसऱ्या जागीं फिरत असेल, तर एका मेजाचे पाय दुसऱ्याच्या फळकुटास जोडले आहेत. ओढावयाच्या जागीं बोटांच्या तेलकटपणानें काळवटलेलें लांकूड आढळलें तर ती मोलाची खूण. ती सहज बनवितां येत नाहीं. अशीं मेजें पुष्कळदां जोडीनें करीत. एका बाजूस जोडाची खूण किंवा आंकडा कोरलेला दिसला तर दुसऱ्याची चौकशी करावी. जोडीची किंमत दोन सुट्या मेजांहून अधिक येते.

बिलियर्डच्या मेजाची गोष्ट वेगळी. पूर्ण आकाराचें मेज सुमारें १२ फूट लांब व ६ फूट रुंद असतें, वजन एक टनाहून अधिक भरतें, आणि काठी मोकळेपणानें फिरविण्यास खोली निदान २२ फूट बाय १६ फूट हवी. स्लेटचे पांच तुकडे असतात; त्यांच्या कडा फुटल्या आहेत काय हें कापड काढून पाहावें. जमीन तें वजन पेलेल काय हें इमारत जाणणाऱ्यास विचारावें. घेणाऱ्यानें हा हिशेब आधीं न केल्यास मेज स्वस्त पडतें आणि तें बसविणें महाग पडतें.

कायद्याचाही विचार हवा. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तु भारताबाहेर नेण्यास १९७२ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्यानें खाजगी व्यक्तीस मनाई आहे. हस्तिदंताचा व्यापार वन्यजीव संरक्षणाच्या कायद्यानें बंद झालेला आहे. म्हणून मेजाबरोबर "मूळचे हस्तिदंती चेंडू" कोणी देऊं केले तर ते घेऊं नयेत.

ही माहिती विकत घेणाऱ्याइतकीच विकणाऱ्यासही हवी. शहरांतील जुनीं घरें पडत आहेत. नव्या लहान जागेंत आजोबांच्या दिवाणखान्यांतील मेज मावत नाहीं, आणि तें जुन्या लांकडाच्या भावानें जातें. जाण्यापूर्वीं कोणी तरी तें उलटें करून पाहावें. ठेवावयाचें ठरलें तर जुनें पॉलिश खरवडूं नये. मऊ फडक्यानें पुसावें, थोडें मेण लावावें, आणि तेवढ्यावर थांबावें. खरवडून चकचकीत केलेल्या मेजाची साक्ष कायमची जाते. बनातीबद्दल मात्र संकोच नको. ती झिजण्यासाठींच लावलेली असते. कौलें फुटलीं म्हणून कोणी घराला खोटें म्हणत नाहीं. फाटकी बनात काढून तिचा एक तुकडा पाकिटांत जपून ठेवावा, त्याच रंगाची चांगली विणलेली बनात लावावी, आणि घरांतील चौघांनीं संध्याकाळीं त्याभोंवतीं बसावें. पण कांहीं लावूं नये.